थरथरणारा कप्पा

तलावावर तिला सगळे बदकताई म्हणत. नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं. पण पिवळी टोपी, रुंद पावलं आणि काठावरून चालताना दोन्ही बाजूंना झुलायची लकब एकदा पाहिली की नावाचा खुलासा मागायची गरज उरत नसे. शहराच्या सार्वजनिक जलतरण तलावावर ती पोहायला शिकवायची. मुलांच्या तुकड्या इतरांकडे असत, तिच्याकडे यायची ती मोठी माणसं. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची पाठ धरलेली, आणि बहुतेक सगळे जन्मभर पाण्याला वचकून राहिलेले. कपडे बदलून आले की ते काठाला असे उभे राहत, जणू खाली आग पेटली आहे.

बदकताई त्यांना आधी मनसोक्त घाबरू द्यायची. "भीती वाटली की तोंडानं सांगायचं," ती म्हणायची. "पाण्यात शहाणपणा करणारा बुडतो. भित्रा कठडा धरून असतो, त्याला काही होत नाही." माणसं हसायची आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायची.

ही बाई स्वतः मात्र वर्षभर गप्प होती. घराचा जिना चढताना तिला मधल्या वळणावर थांबावं लागायचं. कुणी वरून येत असेल तर ती चपलेचा पट्टा नीट करत असल्याचं सोंग करायची. आडवं पडलं की छातीवर कुणीतरी ओली गादी टाकल्यासारखं व्हायचं, म्हणून एका उशीच्या दोन उशा झाल्या होत्या. "पाण्यातल्या औषधाचा वास छातीत बसतो," असं ती नवऱ्याला सांगायची. त्याला ते पटायचं, कारण तिच्या केसांनाही तोच वास यायचा. आणि चाळिशी उलटल्यावर दम लागायचाच, असं तिनं स्वतःलाही पटवून ठेवलं होतं.

मग तो दुपारचा प्रसंग घडला.

तिच्या तुकडीत एक निवृत्त पोस्टमास्तर होते. अंगानं भारदस्त, बोलायला मऊ, आणि पाण्याला इतके भिणारे की पहिले कित्येक दिवस त्यांनी पायऱ्यांवर बसूनच काढले. त्या दुपारी ती त्यांना पहिल्यांदा खोल बाजूला घेऊन गेली. ते पाठीवर पडले होते, तिचा एक हात त्यांच्या मानेखाली, दुसरा कमरेखाली. "वर छताकडे बघा मास्तर. मी आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या छातीत काहीतरी सुटलं. एक ठोका पडला, दुसरा पडलाच नाही, आणि मग टोपलीत टाकलेला मासा तडफडावा तसं बरगडीच्या आत फडफडू लागलं. तिनं श्वास घेतला. हवा आत आली, पण जिथं पोचायची तिथं पोचली नाही. हात शिसं ओतल्यासारखे जड झाले आणि मास्तरांच्या पाठीखालून निसटले.

आधार गेल्याचं मास्तरांना कळलं. त्यांनी तिच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघं खाली गेली.

ज्या पाण्यात तिची निम्मी हयात गेली होती ते पाणी त्या क्षणी तिला परकं वाटलं. निळ्या फरशा जवळ येत होत्या. बुडत्या माणसाची मिठी कशी सोडवायची हे तिनं शेकडो लोकांना शिकवलं होतं. तिला सगळं आठवत होतं, पण ताकद नव्हती. आपण आज इथे मरणार, आणि या माणसालाही सोबत नेणार, हे तिला अगदी स्वच्छ कळलं.

मिठी सोडली ती मास्तरांनीच. सोडली, मान मागे टाकली, छाती वर काढली आणि ओंडका वर यावा तसे ते पाण्यावर आले. तिनं कसंबसं वर येऊन पाण्यावर ताणलेला हद्दीचा दोर पकडला. दोराला लटकून ती खोकली, आणि हातावर आलेला फेस तिला गुलाबी दिसला. तिनं तो हात चटकन पाण्यात बुडवला. पलीकडच्या टोकाला जीवरक्षक दोरांची गुंडाळी करत होता, त्याची पाठ त्यांच्याकडे होती. तो वळेपर्यंत दोघं कठड्याला पोचली होती.

बाकावर टॉवेल गुंडाळून बसल्यावरही मास्तरांचे दात वाजत होते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही मला सोडलंत."

"हात निसटला, मास्तर. चुकले मी."

"निसटला नाही. मी तुमचा चेहरा पाहिला. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता."

फडफड अजून चालूच होती, आता थोडी आत, थोडी दबलेली.

"भीती वाटली की तोंडानं सांगायचं, हे तुमचंच ना?" मास्तर म्हणाले. "आता घरी तुम्ही सांगता की मी येऊन सांगू? जन्मभर लोकांच्या बऱ्यावाईट बातम्या पोचवल्यात मी. अजून एक पोचवली तर हात झिजत नाहीत माझे."

ती तशीच ओल्या केसांनी नवऱ्याच्या दुकानात गेली. तो सोफे आणि खुर्च्या मढवायचा. एका उलट्या खुर्चीवर वाकून कापड ताणत होता, ओठांत बारीक खिळ्यांसारख्या चुका धरलेल्या. ती बोलायला लागली तेव्हा त्यानं नुसतं हं म्हटलं. गुलाबी फेसाचं ऐकल्यावर मात्र त्यानं तोंडातली एकेक चूक काढून तळहातावर ठेवली, सगळ्या डबीत टाकल्या आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं.

"चल," एवढंच तो म्हणाला.

हृदयरोगाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सावकाश. त्यांनी तिला डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर गार जेल लावलं आणि एक जाडसर पेनासारखं यंत्र बरगड्यांवर टेकवलं. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी हलायला लागलं. तिनं डोळे मिटून घेतले. आपलंच आतलं असं उघड्यावर पाहणं तिला नको होतं. आवाज मात्र कानावर आलाच. ओला, खरखरता, धावत सुटल्यासारखा, ना ठेका ना ताल.

"लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का?" बाईंनी विचारलं.

तिला आठवेना. त्यांच्याच घरी राहणारी तिची आई सोबत आली होती, ती मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावरून बोलली. "होते की. घसा धरला, मग ताप. आज हा गुडघा, उद्या तो घोटा. शाळेत कडेवरून न्यायची पाळी आली होती. पण नंतर ही हरणासारखी पळायला लागली, म्हणून आम्ही म्हटलं, गेलं दुखणं."

"सांध्यांतून गेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथे राहिलं."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. आता डोळे मिटून भागणार नव्हतं.

"हे चार कप्पे. वर दोन, खाली दोन. अंगभर फिरून दमलेलं रक्त इथे, उजव्या बाजूला वरच्या कप्प्यात येतं. तिथून खालच्यात. खालचा ते फुफ्फुसांत ढकलतो. तिथे हवा घेऊन ताजं झालं की ते या बाजूला येतं, डावीकडच्या वरच्या कप्प्यात. मग ही झडप उघडते, रक्त खाली उतरतं, आणि हा डावा खालचा कप्पा, सगळ्यांत दणकट, एका दाबात डोक्यापासून टाचेपर्यंत पाठवतो. झडप असते ती गेलेलं रक्त मागे फिरू नये म्हणून."

"माझं काय झालंय?"

"तुमची ही झडप त्या तापानं जाड झाली, कडेला चिकटली. दार होतं, त्याची फट झाली. वरच्या कप्प्यातलं रक्त खाली उतरत नाही, ते मागे तुंबतं, पार फुफ्फुसांपर्यंत. म्हणून दम. म्हणून तो फेस." त्यांनी बोट थोडं वर सरकवलं. "आणि हा वरचा कप्पा बघा. इतकी वर्षं जोर लावून लावून ताणला गेलाय. आता तो आवळतच नाही. नुसता थरथरतो."

तिनं पाहिलं. बाकी सगळं उघडमीट करत होतं आणि त्या एका पोकळीच्या भिंती थंडीनं कुडकुडल्यासारख्या कापत होत्या.

"मग दार उघडा ना," आई म्हणाली, जणू शेजारणीची कडी अडकली होती.

बाई हसल्या. "उघडू. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत न्यायची, फुगा फुगवून झडप मोकळी करायची. छाती उघडावी लागणार नाही. पण त्याआधी एक बघावं लागेल. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त नीट हलत नाही. साचलेलं रक्त साकळतं."

ते पाहायला टोकाला तसंच यंत्र बसवलेली नळी घशातून उतरवली. साकळलं होतं. वरच्या डाव्या कप्प्याच्या एका खोबणीत गुठळी बसली होती. फुग्याची नळी आत नेताना गुठळीला धक्का लागला तर ती सुटून खाली येणार, आणि दणकट कप्पा तिला सगळ्या जोरानं मेंदूकडे भिरकावणार. रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायच्या, दोन महिने थांबायचं, मग पुन्हा बघायचं, असं ठरलं.

"आणि थांबण्यात ती आपणहून सुटली तर?" तिनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. "गोळ्यांनी ती शक्यता कमी होते," त्या म्हणाल्या. "नाहीशी होत नाही. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, एक हात उचलेना, तर क्षणभरही वाट न बघता इकडे या."

पुढचे दोन महिने ती त्या वाक्यात राहिली.

पाण्यात जायला बंदी होती. घरी बसून तिचं लक्ष आतच लागलेलं असायचं. पूर्वी ठोके पडतात हे तिच्या गावीही नव्हतं, आता प्रत्येक ठोका दार वाजवून आत यायचा. एखादा लांबला की हातातलं काम तसंच राहायचं आणि ती पुढच्याची वाट पाहत उभी राहायची. नळाखाली धरलेली पातेली भरून वाहायची. शिंक आली तरी ती घाबरायची. एवढ्याशा हिसक्यानं सुटली तर?

रोज सकाळी ती न्हाणीघरात आरशासमोर उभी राहून दात दाखवायची, भुवया उचलायची, दोन्ही हात समोर धरायची. मग जीभ जड झाली नाही ना हे बघायला पुटपुटायची, "चटईला टाचणी टोचली, चटईला टाचणी टोचली." एकदा घाईत तिची जीभ अडखळली. "चटईला टाटणी" असं काहीतरी झालं. ती खाली फरशीवर बसली आणि तिथूनच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आवाज चढत गेला.

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, किती टोचशील त्या चटईला? फाटेल ती."

ती हसली आणि हसता हसता रडली. त्यानं दार ढकललं, तिला उठवलं, आणि उभ्या उभ्या स्वतःच म्हणून दाखवलं. त्याचीही जीभ दोनदा अडखळली. "बघ," तो म्हणाला, "माझ्या हृदयाला काही झालेलं नाही, तरी येत नाही."

तो भीतीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पण गोळ्यांनी रक्त पातळ झालं की साधा मुका मारही आत पसरतो, हे त्यानं दवाखान्यात ऐकलं होतं. टेबलाचा कोपरा लागून तिच्या मांडीवर वांग्याच्या रंगाचा डाग उमटला, तसा तो दुसऱ्याच दिवशी फोम, कात्री आणि गोंद घेऊन आला. पलंगाचे कोपरे, टेबलाच्या कडा, कपाटाची दारं, अगदी खिडकीची चौकटसुद्धा त्यानं मढवून काढली. तिच्या आईच्या जपमाळेच्या पेटीलाही त्यानं चारी बाजूंनी गादी लावली.

"जावईबापू," आई म्हणाली, "आता तेवढं मलाही मढवा. माझी कोपरं फार टोकदार आहेत."

हसणं असायचं, नाही असं नाही. पण संध्याकाळी बोलणं संपलं की तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत. आई काहीबाही निमित्त काढून तिला बोलतं ठेवायची. शेजारच्या खोलीतून हाक यायची, "काय गं करतेस?" काम काहीच नसायचं. उत्तर सरळ आलं की आई पुन्हा गप्प व्हायची.

दुसऱ्यांदा घशात नळी उतरली तेव्हा खोबण रिकामी होती. गुठळी विरघळली होती. नवऱ्यानं बातमी ऐकून डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

तिला मात्र हायसं वाटलं नाही. आजवर भीतीला थांबायला एक जागा होती, आता ती जागाही गेली. आता डॉक्टर नळी घेऊन खरंच आत शिरणार होते.

त्या सकाळी तिला एका अरुंद टेबलावर झोपवलं. खोली गार होती. सगळ्यांनी जाड एप्रन घातले होते आणि डोक्यावर क्ष-किरणांचं मोठं यंत्र वाकलं होतं. सगळ्यात भयंकर गोष्ट तिला तिथेच कळली. तिला पूर्ण भूल देणार नव्हते.

"मांडीची जागा फक्त बधिर करतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही बोलत राहिलात तर आम्हालाही बरं."

सुई टोचली, चटका बसला, मग नुसता दाब. बाजूच्या पडद्यावर केसासारखी काळी रेघ वर सरकत होती. ती आपल्या अंगातून चालली आहे हे डोळ्यांना दिसत होतं आणि अंगाला कळत नव्हतं. ते न कळणंच सोसवेना.

"उजवीकडच्या वरच्या कप्प्यात आलो," बाई म्हणाल्या. तारेचं टोक भिंतीला लागलं असावं, कारण छातीत दोनचार ठोके वेडेवाकडे उसळले. तिनं टेबलाची कड पकडली.

"होतं असं. ठीक आहात ना?"

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. तोंडानं, स्पष्ट.

"वाटणारच. आता दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र करून डावीकडे जायचंय. आता मात्र कुणी बोलायचं नाही, आणि तुम्ही हलायचं नाही."

खोली चिडीचूप झाली. यंत्राची पिकपिक तेवढी उरली, तीही लंगडी. डॉक्टरीणबाई पडद्यावरच्या रेघेकडे पाहत होत्या, त्यांचं बोट अगदी थोडं फिरलं, थांबलं, पुन्हा मागे आलं. मागे का आलं? तिनं बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. मास्कच्या वर तेवढेच दिसत होते, आणि ते तिच्याकडे पाहत नव्हते. तिच्या स्वतःच्या कपाळावरून एक घामाचा थेंब ओघळून कानात शिरला. तो पुसायला हात उचलणं म्हणजे मरण, असं तिला वाटलं. कानातल्या त्या थेंबासकट ती दगडासारखी पडून राहिली. मग छातीत खोलवर कुणीतरी अंगठा दाबल्यासारखं झालं.

"गेलो पलीकडे," बाई म्हणाल्या, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. म्हणजे तेही रोखून बसले होते.

फुगा झडपेत नेताना एकदा मागे घसरला. पुन्हा नेला. "आता फुगवते. फुगलेला असेल तेवढा वेळ रक्ताची वाट बंद होईल, अंधारल्यासारखं होईल. मोजून काही क्षण."

अंधारलं. आवाज दूर गेले, दिवा लांब वर गेला. ती खोल पाण्याच्या तळाशी होती आणि या खेपेला दोर नव्हता. आईला हाक मारावी असं वाटलं, पण जीभ सापडेना. तिच्या मनात आलं, सुटली, कुठेतरी एक तुकडा राहिला होता तो सुटला, आता बोलता येणार नाही.

मग दिवा परत जवळ आला.

"उघडली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऐकताय ना? झडप उघडली. बोला काहीतरी."

तिनं ओठ ओले केले. "चटईला टाचणी टोचली," ती सावकाश म्हणाली.

परिचारिकेनं दचकून डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी बदकताईला पुन्हा म्हणायला लावलं, दोन्ही हात उचलायला लावले, आणि मगच त्या हसल्या.

त्या दुपारी पाय सरळ ठेवून, एकाच उशीवर ती निजली आणि छातीवरची ओली गादी आली नाही. नवरा बाजूला बसून तिचा श्वास बघत होता. तिनं डोळे उघडले की तो खिडकीकडे बघायचा.

पण कथा इथे गोड करून संपवली तर खोटं होईल. झडप उघडली, फुफ्फुसं मोकळी झाली, जिना एका दमात चढता येऊ लागला. वरचा कप्पा मात्र थरथरतच राहिला. फार वर्षं ताणला गेला होता, तो ताळ्यावर येईल याची खात्री डॉक्टरीणबाईंनी दिली नाही. गोळ्या कायमच्या, रक्ताची तपासणी कायमची. झडप पुन्हा आवळत जाईल का, तर हो, कधीतरी. कधी, ते सांगता येत नाही. भीती गेली नाही. ती घरात राहायला आलेल्या लांबच्या नातेवाइकासारखी झाली. बोलणं फारसं नाही, पण सकाळी उठलं की समोर बसलेली.

तलावाच्या व्यवस्थापकानं तिला खोल बाजूला उतरायला कायमची मनाई केली. तिनंही हुज्जत घातली नाही. तिच्याकडे आता उथळ भाग आला, कमरेएवढं पाणी, आणि तिच्या वेळेला काठावर दुसरा शिक्षक उभा राहायलाच हवा असा दंडक झाला. मास्तर तोवर दुसऱ्या तुकडीत गेले होते आणि लांबवर पाठीवर तरंगताना दिसायचे.

नवी तुकडी आली की ती पहिल्याच दिवशी सगळ्यांना बाकावर बसवून सांगते. माझ्या हृदयाचा एक कप्पा नीट चालत नाही. मधेच मी थांबले तर घाबरून मला धरू नका, कठडा धरा आणि त्या शिक्षकाला हाक मारा. ऐकून दरवेळी दोघंतिघं उठून दुसऱ्या तुकडीत नाव घालायला जातात. तिला वाईट वाटतं, पण ती त्यांना अडवत नाही.

गेल्या आठवड्यात एका थोराड बाईंना पाय मारायला शिकवताना पुन्हा फडफडलं. ती बोलता बोलता थांबली, कठडा धरला आणि उभी राहिली. त्या बाईंनीही कठडा धरला. काठावरचा शिक्षक दोन पायऱ्या खाली उतरून आला. पाणी त्यांच्या कमरेभोवती हलत होतं. थोड्या वेळानं फडफड बसली, निदान ऐकू येईनाशी झाली.

"गेलं का?" त्या बाईंनी हळूच विचारलं.

"आत्तापुरतं," बदकताई म्हणाली. "पाय सरळ ठेवा. गुडघ्यातून वाकवताय."